टिकणारं जहाज

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेला. गेला म्हणजे तुटला नाही. हात जागेवर होता, खांद्याला लोंबत होता, त्याची नखं वाढत होती आणि ती मीच कापायचे. पण तो हात त्याचा राहिला नव्हता. वालीवच्या कारखान्यातून घरी येताना हायवेवर सांडलेल्या खडीवरून त्याची मोटरसायकल घसरली आणि तो खांद्यावर आपटला. मानेतून हातात उतरणाऱ्या नसा मुळातून उपटल्या गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. मग म्हणाले, आता वाट बघा.

हात मेला, एवढंच असतं तर सोसलं असतं. पण तो मेलेला हात जळत होता. चिमटा काढला तर कळायचं नाही, गरम कप टेकला तर कळायचं नाही, आणि तरी तळव्यात निखारा धरून ठेवल्यासारखं दिवसभर जळायचं. मधूनच कोपरापासून बोटांपर्यंत करंट लागल्यासारखी कळ जायची. तेव्हा तो तोंडातून आवाज काढायचा नाही, फक्त डोळे मिटून श्वास धरून ठेवायचा. गोळ्यांनी गुंगी यायची, जळणं थांबायचं नाही. सासूबाई हाताला ओलं फडकं गुंडाळायच्या. त्याचा काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तरी तो गुंडाळू द्यायचा.

आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. सासरे आधीच गेलेले. मी वसई पूर्वेला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. माझं माहेर वसईच्या पश्चिमेला, वाडीतलं. केळी, मोगरा, विहिरीवरचा पंप, असल्यात मी वाढले. लग्नाआधी मी त्याला दोनदा पाहिलं होतं आणि लग्नानंतर जेमतेम ओळख होतेय तोवर हे झालं. तो ड्राफ्ट्समन होता, साच्यांची ड्रॉइंग काढायचा. कमी बोलायचा, ताटात काही टाकायचा नाही, शर्टाच्या बाह्या मोजून दुमडायचा. एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. आणि कोपऱ्यात सासूबाईंनी भरतकाम केलेल्या कापडाखाली एक कॉम्प्युटर होता. तो चालू झालेला मी फारसा पाहिला नव्हता. मी आल्यापासून त्यानं संकोचानं तो लावणंच सोडलं होतं, हे मला नंतर कळलं.

एका रविवारी सकाळपासून त्याचं जास्त होतं. पलंगावर भिंतीला पाठ लावून बसला होता आणि डोकं मागं भिंतीवर आपटत होता. जोरात नाही, सावकाश, एका लयीत. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. नळाला पाणी येत नव्हतं. मी त्याच्यासमोर खाली बसले.

"काय करू सांगा," मी म्हटलं. "काहीही सांगा. मी करते."

तो बराच वेळ आपटत राहिला. मग म्हणाला, "कॉम्प्युटर लाव."

कॉम्प्युटरला जोडायचा एक दांडा होता, जॉयस्टिक. त्याच्यावर उजव्या हाताच्या बोटांच्या खाचा होत्या, उजव्या अंगठ्याला टेकायला जागा होती. त्यानं डाव्या हातानं तो धरला तेव्हा उलट्या पायात चप्पल घातल्यासारखं दिसलं. पडद्यावर काळं आकाश आलं, तारे आले.

"विमानांचा गेम आहे का?" मी विचारलं.

"विमान नाही. शिप. अंतराळातलं." मग म्हणाला, "इंटरनेटवर दुसरी माणसं असतात. त्यांच्याशी लढायचं. दोन्ही हात लागतात. एका हातानं वळवायचं, दुसऱ्यानं वेग, शील्ड म्हणजे ढाल, नेम."

"दुसरा हात मी होते ना. कुठली बटणं दाबायची ते सांगा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं मला पाहिलं असावं.

आम्ही लगेच मेलो. समोरून हिरव्या रेघा आल्या, पडदा पांढरा झाला आणि संपलं. पुन्हा गेलो, पुन्हा मेलो. तो "वेग, वेग" म्हणायचा आणि मी शील्डचं बटण दाबायचे. शेवटी वीज गेली. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग इतकं होतं की घड्याळापेक्षा पंख्यावरून वेळ कळायची. पडदा विझला आणि आम्ही दोघं अंधारल्या काचेत आपापलं तोंड बघत बसलो.

तो हळू म्हणाला, "मघाशी जळत नव्हतं."

"काय?"

"मरेपर्यंत. जळत नव्हतं. आत्ता सुरू झालं."

हे वाक्य मी रात्रंदिवस उराशी धरून होते. कामावर पट्ट्यांतल्या गोळ्या मोजताना, शेअर रिक्षात, भाजी घेताना, एकच विचार. जेवढा वेळ तो त्या काळ्या आकाशात जिवंत असतो तेवढा वेळ हात जळत नाही. जगात तेवढी एकच जागा उरली होती. आणि तिथे आम्ही पापणी लवायच्या आत मरत होतो.

मी शिकले. कामावरून आल्यावर पंखा फिरत असेल तर पदर खोचून त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची घ्यायची आणि कीबोर्ड मांडीवर. त्याचा मेलेला हात एका उशीवर ठेवलेला असायचा, माझ्या कोपराला चिकटून. वेग कधी तोडायचा, सगळी वीज पुढच्या शील्डला कधी द्यायची, मागं कुणी लागला तर काय करायचं, हे सगळं तो मला शिकवत होता. संसाराबद्दल आम्ही जे काही बोललो नव्हतो त्याच्या दसपट त्या गेमबद्दल बोललो. तरीही आम्ही मरतच होतो, कारण त्याचं जहाज.

लढायला उतरण्याआधी पडद्यावर जहाजं ओळीनं गोल फिरून दिसायची. आपण एक निवडायचं. त्याचं ठरलेलं होतं. एक बारीक, लांबट, सगळ्यात वेगवान जहाज. मी त्याला सुई म्हणायचे. आधी, हात होता तेव्हा, त्यानं ती सुई घेऊन भल्याभल्यांना पाडलेलं होतं. मोठ्या जहाजाच्या पोटाखालून निसटायचं, उलटं वळायचं, एक झटका द्यायचा, संपलं. सुईला शील्ड नावालाच. मार खायचाच नाही, हे गृहीत धरून ती बनवलेली होती. ती दोन हातांच्या, एका डोक्याच्या माणसासाठी होती. आम्ही तीन हात आणि दोन डोकी होतो. त्याच्या मनात आलेलं त्याच्या तोंडातून माझ्या कानात आणि तिथून माझ्या बोटात येईपर्यंत सुई फुटलेली असायची.

शिवाय आमचं नेट. तुळिंज रोडवरच्या केबलवाल्यानं गच्चीवरून वायर सोडून दिलेलं. समोरचं जहाज पडद्यावर जिथं दिसायचं तिथून ते केव्हाच पुढं गेलेलं असायचं.

दर वेळी मेलो की त्याचा चेहरा बदलायचा. जळणं परत यायचं. कधी कधी तर आधीपेक्षा जास्त, जणू मधल्या वेळाचं उट्टं काढायला. तो दात खायचा आणि म्हणायचा, "पुन्हा." पुन्हा सुई. पुन्हा पांढरा पडदा.

एके संध्याकाळी मी बटणावरून बोटं उचलली.

"दुसरं घेऊ या."

"काय दुसरं?"

"दुसरं जहाज. ही नको."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत. पण ही लगेच मरते एवढं कळतं. जास्तीत जास्त मार खाऊनही मरत नाही असं यात कुठलं आहे?"

तो तुसडेपणानं हसला. "मार खायला लढतात का? लढतात ते पाडायला."

"मला नाही कुणाला पाडायचं!" माझा आवाज चढला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. "मला कुणाला पाडायचं नाही, जिंकायचं नाही. तुमचा हात जळायचा थांबतो, तेवढा वेळ मला लांबवायचाय. बास. दुसरं काही नकोय मला त्या डबड्यातून."

मला वाटलं आता हेही संपलं. मग त्यानं डाव्या हातानं ती ओळ फिरवायला सुरुवात केली. मधल्या आकाराची, सगळ्यांच्या आवडीची जहाजं आली आणि गेली. एक अवजड आलं, ते बॉम्ब टाकणारं, ते नको म्हणाला. मग शेवटी एक आलं. रुंद, काळपट, पुढून बोथट, वर पाठीवर एक फिरती तोफ.

"हे तर म्हशीसारखं दिसतंय," मी म्हटलं.

"हिला कुणी घेत नाही. वळायलाच दिवस लागतो. शील्ड मात्र भरपूर. आणि ही वरची तोफ माऊसनं वेगळी फिरवावी लागते. एका माणसाला ते जमत नाही, उडवणं आणि तोफ दोन्ही." बोलता बोलता तो थांबला.

मी माऊसवर हात ठेवला.

म्हैस घेऊन पहिल्यांदा उतरलो तेव्हाही आम्ही हरलो. पण हरायला वेळ लागला. एका वेगवान जहाजानं आमच्याभोवती घिरट्या घालून घालून आम्हाला फोडलं, आणि तोवर तो जहाज सांभाळत, हेलकावे देत, शील्डची भाजलेली बाजू फिरवून दुसरी बाजू पुढं करत राहिला. मी वरून गोळ्या सोडत राहिले. एकही लागली नाही. संपलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो घाम कळांचा नव्हता. त्यानं उशीवरच्या हाताकडे पाहिलं, कुणी दुसराच माणूस तो तिथं विसरून गेल्यासारखं.

मग आम्ही म्हशीचे झालो. नेट संथ होतं तरी म्हशीला फरक पडत नव्हता, कारण ती तशीही कुठे निघून जात नव्हती. पुढच्या तोफा त्याच्या, वरची माझी. मला नेम धरायला यायला लागलं. समोरचा दिसतो तिथं नाही, जाणार आहे तिथं मारायचं.

एक गोष्ट अशी झाली की त्या धुमश्चक्रीत "अहो, जरा डावीकडे घेता का" म्हणायला वेळ नसायचा. माझ्या आईनं बाबांना कधी अरे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि सासूबाईंसमोर तर प्रश्नच नव्हता. पण एकदा मागून कुणीतरी लागला, हा भलत्याच बाजूला बघत होता, आणि माझ्या तोंडून गेलं, "वळ! वळ ना! अरे उजवीकडे वळ रे गाढवा!"

तो वळला. मी त्या मागच्याला पाडलं. माझं पहिलं जहाज. आणि मागं वळून पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात लसणाची पाकळी. मी घाईनं पदर सावरला. तेवढ्यात तो हसायला लागला. अपघातानंतर पहिल्यांदाच असं मोकळं. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मेलेला हात उशीवरून घसरून खाली लोंबेपर्यंत हसला. सासूबाई आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मला काही म्हटलं नाही आणि नंतरही कधी नाही. त्या खुर्चीवर मी त्याला अरे म्हणायचे आणि खुर्चीवरून उठले की अहो.

पण बरं दिसायला लागलं की लोकांना कळतं, आणि लोक मदतीला येतात.

त्याचे दोन मित्र होते. पूर्वी तिघं स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत हाच गेम खेळायचे. एक नायगावला राहायचा, एक विरारला. अपघातानंतर सुरुवातीला यायचे, मग काय बोलावं ते न कळून यायचे थांबले होते. हा परत खेळतोय असं ऐकून शहाळी घेऊन आले. खूप बोलले, जास्तच बोलले. त्याच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखे भिंतीकडे बघत बोलले. जाताना ठरलं, रविवारी ते दोघं एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या.

तो आठवडाभर वेगळाच होता. जेवताना चमच्यानं ताटावर हल्ल्याच्या दिशा दाखवायचा. कोण कसा उडतो, कोण घाईत शील्ड उघडं टाकतो, सगळं सांगायचा. "नायगाववाला कधी सरळ रेषेत उडत नाही. एकदाही नाही. सापासारखा येतो. त्याला पाडलंस तर तुला मानलं."

रविवारी सकाळी आम्ही उतरलो. आणि नायगाववाला सरळ रेषेत आला. माझ्या तोफेसमोर, संथ, रुंद. मी मारलं. तो फुटला. मी खुर्चीतच उडी मारली. मग दुसरा आला, त्यानं दोनचार गोळ्या बाजूनं सोडल्या आणि पोट दाखवत समोरून गेला. मी त्यालाही मारलं. जिंकलो. सासूबाई दारातून बघत होत्या, त्यांनी हात जोडले.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं दांडा सोडला होता.

फोन वाजला. पलीकडून मोठ्यानं आवाज येत होता, मलाही ऐकू येत होता. "काय राव, आल्या आल्या धुतलंस आम्हाला! हात असो नसो, तू तो तूच!"

"हो," तो म्हणाला. "थँक्यू." फोन ठेवला. मग पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

"अहो, आपण जिंकलो ना..." मी म्हणायला लागले.

"तो कधी सरळ उडत नाही," तो म्हणाला. बास, एवढंच.

मित्रांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. त्यांनी प्रेमानंच केलं. पण त्या दिवसानंतर त्यानं कॉम्प्युटर लावला नाही. कापड परत अंथरलं गेलं. जळणं मात्र होतंच, आणि आता त्यातून सुटायची जागाही गेली होती. तो जेवण अर्धं टाकायला लागला. दाढी वाढली, मला करू देईना. मी कामावरून आले की पहिल्यांदा जिन्यातून वर गच्चीकडे बघायचे, गच्चीचं दार बंद आहे ना, मग घरात यायचे. गोळ्यांचा डबा मी कामावर जाताना माझ्या पिशवीत घालून न्यायला लागले. लागतील तेवढ्याच सासूबाईंकडे ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहूनच सुचलं, आणि सुचलं म्हणून जास्त भीती वाटली.

मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायला गेलो तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, "हा हात कापून टाका."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कापला तरी जळायचं थांबेल असं नाही. दुखणं हातात नाहीये. मेंदूला हात तिथंच वाटत राहतो. नसलेला हातही जळतो."

हे ऐकून तो हसला. ते हसू मला आजही नको वाटतं.

त्यानंतरची एक दुपार. मी दुपारपाळी बदलून घेतली होती म्हणून घरी होते. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. वीज नव्हती. उकाड्यानं भिंती घामेजल्या होत्या. तो पलंगावर बसून होता आणि मी जमिनीवर तांदूळ निवडत होते.

"गोळ्यांचा डबा तू पिशवीतून नेतेस," तो म्हणाला.

माझा हात सुपातच राहिला. "हो."

"किती दिवस नेशील?"

मी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तुझी काही चूक नाही यात," तो म्हणाला. अगदी शांतपणे, ड्रॉइंग समजावून सांगावं तसं. "तू अजून लहान आहेस. तुझ्या बाबांची वाडी आहे. तुला तिकडे कुणी नको म्हणणार नाही. मला हे रोजचं नको झालंय. सकाळी डोळे उघडले की पहिलं जळतंय हे कळतं, मग मी कोण ते कळतं. मला खरंच नको झालंय."

मी खूप काही बोलायला हवं होतं. आईची शपथ घालायला हवी होती, देवाचं नाव घ्यायला हवं होतं, रडायला हवं होतं. त्यातलं काही आलं नाही. तोंडून जे आलं ते असं होतं, "वीज आली की एक डाव खेळू. मग काय ते बघू."

"कुणाशी? त्या दोघांशी?"

"नाही. अनोळखी कुणाशी तरी. ज्याला तुझ्या हाताचं काही माहीत नाही."

मी तुझ्या म्हटलं होतं, खुर्चीवर नसताना. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं. मी तांदूळ निवडत राहिले आणि मनात एकच धावा, वीज येऊ दे, वीज येऊ दे, आत्ता येऊ दे. त्या दिवशी ती यायला फार वेळ लागला. त्या वेळात मी तेच सूप पुन्हा पुन्हा निवडलं. एकही खडा उरला नव्हता तरी निवडत होते, कारण उठले असते तर तो काहीतरी बोलला असता.

पंखा फिरला. मी उठले, कापड काढलं, कॉम्प्युटर लावला आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले. मागं वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं पलंग कुरकुरला. तो येऊन बसला. मी त्याचा हात उचलून उशीवर ठेवला.

ओळीत जहाजं फिरली. त्यानं विचारलं नाही. म्हैस निवडली.

समोर एकटाच होता. कुठल्या देशातला, कोण, काही माहीत नाही. त्यानं आम्हाला बघितलं आणि खाली अक्षरं उमटली, इंग्रजीत. माझ्या नवऱ्यानं वाचून दाखवलं, "म्हणतोय, हे कसलं भंगार घेऊन आलायस, घरी जा."

आणि तो माणूस आमच्यावर तुटून पडला. दया नाही, माया नाही. मागून, खालून, सूर्याच्या आडून. आमची एक बाजू पहिल्याच फेरीत उघडी पडली. "सगळं शील्ड डावीकडे दे," नवरा म्हणाला. मी दिलं. "वेग तोड." तोडला. समोरचा पुढं निघून गेला, माझ्या गोळ्या त्याच्या पंखाला घासल्या. पुन्हा अक्षरं आली, शिवी होती. "शिवी देतोय," माझा नवरा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात काहीतरी होतं. "चिडलाय. बघ, चिडलाय." कुणीतरी त्याच्यावर मनापासून चिडलं होतं. किती दिवसांनी.

ती लढाई सरता सरत नव्हती. तो आम्हाला फोडू शकत नव्हता आणि आम्ही त्याला गाठू शकत नव्हतो. माझा अंगठा बधिर झाला. सासूबाई आल्या, मागं उभ्या राहिल्या, गेल्या, चहा ठेवून गेल्या, चहा निवला. मला तोफ दिसत होती, पण मी मधून मधून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. कपाळावरची ती कायमची आठी नव्हती. तो त्या आकाशात पुरता होता, मागं काही उरलं नव्हतं.

शेवटी आम्ही हरलो. म्हशीचे तुकडे पडद्यावर तरंगत राहिले. मी श्वास धरला. आता जळणं परत येणार. आलंच, कारण त्यानं डोळे मिटले आणि जबडा आवळला. मग खाली अक्षरं आली.

"काय म्हणतोय?"

त्यानं डोळे उघडून वाचलं. "म्हणतोय, उद्या ये. पुन्हा मारतो."

डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यानं उत्तर लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंस. तो म्हणाला, "येतो."

मी त्या रात्री नीट झोपले असं सांगता येणार नाही. पण उद्या येतो असं तो कुणाला तरी म्हणाला होता, आणि तो शब्दाचा पक्का होता, एवढं मला एव्हाना त्याच्याबद्दल माहीत झालं होतं. त्या परक्या माणसानं आम्हाला किती वेळा मारलं याची गणती नाही. तिकडे बर्फ पडतोय, असं तो कधी कधी लिहायचा. आम्ही त्याला दोनदाच पाडलं आणि त्या दोन्ही वेळी त्यानं इतक्या शिव्या दिल्या की खोटं वाटायला जागा राहिली नाही. माझ्या नवऱ्यानं हाताबद्दल त्याला कधीच सांगितलं नाही. मीही सांगू दिलं नसतं.

हात काही परत आला नाही. पुढं एका दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळ्या गोळ्या दिल्या, त्यांनी निखाऱ्यावर राख धरावी तसं थोडं झालं. गेलं नाही, कमी झालं. गोळ्यांचा डबा मी कधी पिशवीतून काढून फळीवर ठेवला ते आठवत नाही. ठरवून केलं नव्हतं. कारखान्यात आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर व्हायला लागली होती. मालकानं बोलावलं, डाव्या हातानं माऊस चालवतोस का म्हणून विचारलं, आणि तो म्हणाला चालवतो. पहिले काही महिने फक्त दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासायला दिली. मग काढायलाही.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर दारातूनच आवाज ऐकू आला. तो खेळत होता. एकटा. टेबलाखाली त्यानं कारखान्यातून करून आणलेली पत्र्याची दोन पायट्यांची, पेडलसारखी काहीतरी जोडणी होती, जुन्या कीबोर्डची बटणं उपसून तिला बसवलेली. पायानं वेग, पायानं शील्ड, डाव्या हातात नवा सरळ दांडा. माझी खुर्ची बाजूला सारलेली होती आणि तिच्यावर सासूबाईंनी चिकूच्या फोडींची ताटली ठेवली होती.

पडद्यावर सुई होती. ती समोरच्याच्या पोटाखालून निसटली, वळली, आणि फुटली. पांढरा पडदा.

"छ्या," तो म्हणाला आणि लगेच पुन्हा निवडायला लागला.

मी चपला न काढता दारातच उभी होते. "जळतंय का?"

"जळतंय ना," मागं न बघता तो म्हणाला. "थांब जरा, ह्याला एकदा बघून घेतो."

तो पुन्हा उतरला, पुन्हा मेला. मी बघत राहिले. इतके दिवस देवाजवळ हेच मागत आले होते की त्याला कुणाची गरज लागू नये, माझीसुद्धा. आणि ते समोर दिसत असताना माझी नजर बाजूला सारलेल्या खुर्चीवरून हलेना. मी आत गेले, हातपाय धुतले. त्या वेळेला रोज मी त्या खुर्चीवर बसायचे. ओट्याशी उभी राहून मला सुचेना की आता या दोन हातांचं काय करायचं. बाहेरून त्याच्या पायट्यांची खटखट येत होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माठाच्या भाजीची एक जुडी माझ्यापुढं सरकवली. मी ती निवडायला बसले.